जर्नीमन स्मिथ व्हायचंय? आधी स्वतःचे सुरे मोडायला लागा

माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत आहे. कंपनीत नवीन लागलेल्या पोराने परवा विचारलं, "सर, ॲडमिट होता का? सलाईन लावलं होतं?" त्याला काय सांगणार! दर रविवारी एक सुरा दोरावर आणि लाकडावर चालवायचा, आणि मग त्याच धारेने हातावरचे केस निघतात का ते बघायचं, असं माझं अडीच वर्षं चाललंय. केस पुन्हा यायच्या आत पुढचा रविवार उजाडतो.

मी पेशाने टूलरूम फिटर. आयटीआय झाल्यापासून साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये डाय आणि जिग (कारखान्यातले साचे आणि पकडी) बनवतोय. लोहारकाम रविवारचं. रे रोडला दारूखान्यात एका मामांच्या गाळ्यात मला अर्धा कोपरा मिळालाय. मामा साताऱ्याकडचे. गवंड्यांच्या छिन्न्या, पटाश्या, पहारी शेवटून देणं (तापवून पुन्हा टोक काढून देणं) हा त्यांचा धंदा. भट्टीसमोर कसं उभं राहायचं ते मी त्यांच्याकडून शिकलो. जर्नीमन स्मिथ ही हाताने सुरे घडवणाऱ्यांच्या एका अमेरिकन सोसायटीची मधली पायरी. तिच्या परीक्षेचं मात्र सगळं वाचून आणि पाती मोडून शिकलो. ही वाट धरू बघणारे हल्ली बरेच जण भेटतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

परीक्षा अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची. १९७३ मध्ये बिल मोरन नावाच्या कारागिराने तिकडच्या प्रदर्शनात दमास्कस (पोलादाचे थर जोडून नक्षी आणलेल्या) पात्याचे सुरे मांडले आणि मरत चाललेल्या हाताच्या घडाईकडे लोकांचं पुन्हा लक्ष गेलं. १९७६ मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ही सोसायटी काढली. पायऱ्या तीन: अप्रेंटिस, जर्नीमन आणि मास्टर. सभासद झालात की अप्रेंटिस. तीन वर्षं सभासद राहिल्यावर जर्नीमनची परीक्षा देता येते. सोसायटीचा प्राथमिक अभ्यासक्रम केला तर दोन वर्षांनी. मास्टरसाठी जर्नीमन झाल्यावर आणखी दोन वर्षं थांबावं लागतं. तिथे तीनशे थरांचं दमास्कस आणि खंजीर करायचा असतो, पण तो विषय आज नको. जर्नीमनला पातं साध्या कार्बन स्टीलचंच लागतं, दमास्कस चालत नाही. मला हा नियम फार आवडतो. नक्षीमागे लपायला जागाच उरत नाही.

जर्नीमनचे दोन भाग. पहिल्यात मास्टर स्मिथसमोर उभं राहून स्वतः घडवलेला एक सुरा वापरून दाखवायचा आणि शेवटी वाकवायचा. दुसऱ्यात पाच तयार सुऱ्या परीक्षकांच्या टेबलावर ठेवायच्या. बहुतेक लोक त्या जूनमध्ये अटलांटाला भरणाऱ्या ब्लेड शोमध्ये ठेवतात. पहिला भाग पार पडल्याशिवाय दुसरा नाही. अर्ज करताना त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचा. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

पहिल्या भागातला क्रम डोक्यात पक्का बसवा, कारण तुमचं पातं कसं असावं हे तो क्रमच ठरवतो. एक इंच जाडीचा दोर वरून मोकळा लोंबत असतो. त्याच्या खालच्या टोकापासून सहा इंचांच्या आत एका घावात तो तोडायचा. मग टू बाय फोरचं, म्हणजे नावाला दोन बाय चार इंचांचं, लाकूड दोनदा आरपार तोडायचं. त्यानंतर, पुन्हा धार न लावता, पात्याच्या ज्या भागाने लाकूड तोडलं त्याच भागाने हातावरचे केस काढून दाखवायचे. सगळ्यात शेवटी पातं व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून नव्वद अंशांत वाकवायचं. वाकताना धारेला चीर गेली तरी ती पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या पुढे जाता कामा नये. पातं दहा इंचांपेक्षा लांब नको, दोन इंचांपेक्षा रुंद नको, आणि मुठीसकट सगळा सुरा पंधरा इंचांत बसला पाहिजे.

मामांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "शेवटी वाकवायचाच हाय तर पयल्यापास्नंच वाकडा कर की. कोळसा तरी वाचंल."

मामांचं हे बोलणं मी विनोद म्हणून सोडून दिलं आणि त्यात माझं एक वर्ष वाया गेलं. पहिलं वर्षभर मी सुरे घडवत होतो, घासत होतो, मूठ बसवत होतो आणि कपाटात ठेवत होतो. एकही मोडला नव्हता. हातांनी चार आठवडे खपून केलेली वस्तू व्हाइसमध्ये घालवत नाही हो! पहिला सुरा शेवटी वाकवला तेव्हा तो तीस अंशांवर काचेसारखा तुटला आणि पुढचा तुकडा गाळ्याच्या शटरवर जाऊन आदळला. त्या दिवशी कपाटातले उरलेले सहाही काढले. सहाच्या सहा तुटले. एकच चूक मी सात वेळा केली होती आणि सातही वेळा तिच्यावर पॉलिश मारलं होतं.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. पहिल्या दहा पात्यांना मूठ लावू नका. पॉलिशही नको. घडवा, पाणी द्या (म्हणजे तापवून एकदम बुडवून कडक करा), धार लावा, शेपटीला (मुठीत जाणाऱ्या भागाला) सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, दोर तोडा, लाकूड तोडा आणि व्हाइसमध्ये मोडा. मोडताना चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवी आणि पात्यावर जाड गोणपाट. मी हे शटरला खड्डा पडल्यावर शिकलो.

मोडल्यावर तुटलेला काप उजेडात धरून बघा. तिथे सगळं लिहिलेलं असतं. माझ्या पहिल्या सातही पात्यांचा काप जाड्या रव्यासारखा होता, दाणा न् दाणा चमकणारा. याचा अर्थ पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवलं आणि आतला कण फुगला. बरोबर जमलेल्या पात्याचा काप मैद्यासारखा असतो. राखाडी, मऊ, एकही कण डोळ्याला वेगळा दिसत नाही. मी मोडलेल्या प्रत्येक पात्याचा एक तुकडा खिळ्यांच्या जुन्या डबीत ठेवतो आणि त्यावर मार्करने नंबर टाकतो. एक ते सात रवा. आठ आणि नऊ बारीक रवा. दहाव्याला मैदा झाला.

आता पोलाद. मुंबईत लोहारकाम सुरू करणारा प्रत्येक जण कुर्ल्याच्या भंगारातून ट्रकचा कमानपाटा आणतो. मीही आणला. शिकायला ठीक आहे, परीक्षेला नाही. एक तर तो पाटा लाखो खड्डे खाऊन आलेला असतो आणि आत केसाएवढ्या चिरा असतात. त्या दिसतात पाणी दिल्यावरच. दुसरं म्हणजे त्यात काय आहे ते कळत नाही. जुने पाटे बऱ्याचदा ईएन ४५ जातीचे, म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचे असतात. नवे बरेचसे एसयूपी ९ असतात, क्रोमियमचे. दोघांची तापमानं वेगळी. एकदा तर एका दुकानदाराने मला स्प्रिंग स्टील म्हणून चक्क साधं माइल्ड स्टील दिलं. दोनदा पाणी दिलं तरी कानस लोण्यासारखी चालत होती. मी माझाच हात चुकतोय समजून दोन रविवार घालवले.

अमेरिकेत बरेच जण या परीक्षेला ५१६० नावाचं पोलाद घेतात. कार्बन साधारण ०.६ टक्के आणि थोडं क्रोमियम. एसयूपी ९ त्याच्या फार जवळचं आहे. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये किंवा पाटे बनवणाऱ्यांकडे नवी पट्टी मिळते. टेस्ट सर्टिफिकेट मागा. "एवढ्याशा मालाला कसलं सर्टिफिकेट" असं म्हणतील. तरी मागा, झेरॉक्स चालेल म्हणा. आणि एकाच पट्टीतून दहा पाती काढा. पोलाद दर वेळी बदललं तर चूक कशात होती ते कधीच सापडणार नाही.

ऐरण मी विकत घेतली नाही. दारूखान्यात जहाजं तोडतात, तिथल्या एका भंगारवाल्याकडून शाफ्टचा तुकडा घेतला आणि बाभळीच्या ओंडक्यात उभा बसवला. रेल्वे रुळाचा तुकडा मिळेल असं सांगणारे भेटतील, त्या फंदात पडू नका. रेल्वेचा माल रीतसर मिळवल्याच्या पुराव्याशिवाय जवळ सापडणं हाच गुन्हा ठरू शकतो. भट्टी गॅसची असेल तर सिलिंडर एकोणीस किलोचा कमर्शियल घ्या, घरातला लाल नेऊ नका. आत लावायच्या सिरॅमिक ब्लँकेटवर रिफ्रॅक्टरीचा (आच सोसणाऱ्या लेपाचा) थर दिल्याशिवाय पेटवू नका, त्याचे तंतू छातीत जातात. हातोडा एक किलोचा पुरे. मोठ्या घणाने लवकर होतं, पण पातं वेडंवाकडंही लवकर होतं.

घडाईबद्दल फार लिहीत नाही, ती लिहून येत नाही. दोनच गोष्टी सांगतो. पातं लालसर होऊन विझायला लागलं की हातोडा थांबवा. थंड पोलादावर मारलेला घाव आत चीर सोडतो. आणि पात्यातून शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा टँग, जिथे निघतो तिथला आतला कोपरा काटकोनी ठेवू नका. गोल कानशीने तिथे वळण द्या. माझं तेरावं पातं बरोबर तिथूनच गेलं, लाकडावरच्या तिसऱ्या घावाला.

मुख्य काम आहे पाणी देण्याचं. मामा छिन्नीला खरोखरच पाण्यात पाणी देतात, रंग बघून, आणि त्यांची छिन्नी वर्षभर बेसॉल्ट फोडते. मी त्यांचं बघून एक सुरा पाण्यात घातला आणि रात्री अकराला रिकाम्या गाळ्यात "टिंग" असा आवाज आला. तो एकदा ऐकला की विसरत नाही. पातं मधोमध तडकलं होतं. छिन्नी जाड असते, तिचं फक्त टोक कडक करायचं असतं. सुऱ्याचं पातं लांब आणि पातळ, ते तेलातच घालायचं. मी शेंगदाण्याचं तेल वापरतो, पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत कोमट केलेलं. गाळाभर भज्यांचा वास सुटतो आणि शेजारच्या गाळ्यातली पोरं डोकावतात.

पाणी देण्याआधी पातं तीनदा तापवून हवेत काळं होईपर्यंत थंड करा. पहिल्यांदा ८७० अंशांच्या आसपास, मग ८१५, मग त्याहून थोडं कमी. दर वेळी कमी. घडाईत फुगलेला कण याने बारीक होतो. माझ्या रव्याचा मैदा झाला तो या एका गोष्टीने. आधी मी ती कंटाळा करून गाळत होतो.

मग खरं तापवणं. पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर दोरीला बांधलेलं चुंबक. साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. तिथे थांबू नका, ५१६० किंवा एसयूपी ९ ला ८३० च्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे चुंबक सुटल्यावर रंगाची आणखी एक छटा. हे अंधारात करा. दुपारी शटर उघडं ठेवून रंग बघितला तर डोळा फसतो आणि तुम्ही जास्त तापवता. माझी पहिली सात पाती दुपारच्या उजेडातली होती. आता मी हे काम संध्याकाळी सातनंतरच करतो.

तेलातून काढल्यावर धारेवर कानस फिरवा. ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. लगेच, त्याच रात्री, ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. उद्यावर टाकू नका, कडक पातं नुसतं टेबलावर पडून तडकू शकतं. घरातला ओटीजी चालतो, पण त्याचा काटा खोटं बोलतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये. आणि तेल पुसून घ्या. मी एकदा न पुसता ठेवलं. त्यानंतर आठवडाभर नानकटाईला वास येत होता, आणि बायको म्हणाली, "अहो, एक तर त्याला दुसरा ओव्हन घ्या नाहीतर मला." जुना घेतला, गाळ्यात ठेवलाय.

एवढं केलं की धार टिकते, पण पातं अजून नव्वद अंश वाकत नाही. वाकताना ताण जाडीवर अवलंबून असतो. जाड भागाचा बाहेरचा पृष्ठ सगळ्यात जास्त ताणला जातो, म्हणून पाठ मऊ हवी. धार पातळ असल्याने तिच्यावर तो ताण कमी येतो, ती कडक राहिली तरी चालते. हे कसं साधायचं? ट्रेमध्ये बोटभर पाणी घ्या, पातं धारेवर उभं ठेवा, धार पाण्यात बुडालेली. वरून टॉर्चने फक्त पाठ तापवा. आधी पिवळसर गवती रंग येईल, मग तपकिरी, जांभळा, मग निळा. निळा रंग पाठीकडून खाली सरकत येतो, मोरपंखासारखा. तो धारेच्या दिशेने रुंदीच्या निम्म्यापर्यंत आला की टॉर्च बाजूला. थंड होऊ द्या, घासून पांढरं करा आणि पुन्हा करा. मी तीन वेळा करतो. मामा हे पहिल्यांदा बघायला आले तेव्हा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्या पटाशीच्या मागच्या टोकाला निळा रंग दिसला.

आकाराचं एक लक्षात ठेवा. पाठीची जाडी मुठीपाशी सहा मिलिमीटर असेल तर ती टोकाकडे सारखी उतरत तीनवर आली पाहिजे. जाडी सगळीकडे एकच असेल तर पातं व्हाइसच्या जबड्यापाशी एका रेषेत मोडतं. उतरती असेल तर वाक लांबवर पसरतो. धारेच्या दोन्ही बाजू सपाट न ठेवता तांदळाच्या दाण्यासारख्या किंचित फुगीर ठेवा. फार पातळ धार लाकडात दुमडते, फार जाड दोरात अडकते. धार दुमडते का हे लाकडापर्यंत न जाता कळतं. पितळेची जाड सळई व्हाइसमध्ये आडवी धरा आणि धार तिच्यावर हलके दाबत ओढा. दिव्याच्या उजेडात धार किंचित वाकलेली दिसेल. ती परत सरळ झाली तर जमलं. तशीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर कडक.

दोर मशीद बंदरला मिळतो, मनिलाचा मागा. काथ्याचा नको, नायलॉनचा तर नकोच. लोंबता दोर तोडणं ताकदीचं काम नाही. तो पळतो. पात्याच्या टोकाकडच्या भागाने, मनगट शेवटच्या क्षणी सोडत, तिरका घाव. माझे पहिले वीस घाव दोराला फक्त झोपाळा देऊन गेले. सुऱ्याच्या मुठीत दोरी ओवून मनगटात अडकवा आणि घावाच्या रेषेत कोणालाही उभं करू नका. लाकूड घेताना सागावर किंवा सालावर सराव करू नका. तिकडचं टू बाय फोर नरम पाइन किंवा फरचं असतं, आणि नावाला दोन बाय चार असलं तरी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच. रे रोडच्या लाकूडबाजारात मशिनरीच्या पेट्यांचं पाइन मिळतं, तेच घ्या. मी चार महिने सालावर धारा दुमडून घेतल्या आणि दोष पोलादाला दिला.

इथे कायद्याचं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती किंवा उद्योगाच्या कामासाठी नसलेली सुरी हत्यारात मोडते. परीक्षेत दहा इंच चालतं म्हणून दहा इंच करू नका. माझं पातं पावणेनऊ इंच लांब आणि पावणेदोन रुंद आहे. दोर तोडायला तेवढं पुरतं. खंजीर तर कुठल्याही लांबीचा करू नका. मुंबईत अधूनमधून जमावबंदी आणि हत्यारबंदीचे आदेश निघतात. लोकलने सुरा नेऊ नका, लाकडी पेटीत कुलूप लावून टॅक्सीने न्या. पेटीत पोलादाचं बिल ठेवा.

आता दुसरा भाग, पाच सुऱ्या. लोकांना वाटतं वाकवणं कठीण. कठीण हे आहे. पाचही वेगवेगळ्या ठेवा. एक शिकारी, एक स्वयंपाकाची, एक मोठी, असं काही. आणि जे येतं तेच करा. परीक्षक काय बघतात? दोन्ही बाजूंना पात्याचा उतार जिथे सुरू होतो त्या रेषा समोरासमोर आहेत का, पाठीवरून बघताना पातं, गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी) आणि मूठ एका रेषेत आहेत का, कुठे ओरखडा राहिलाय का, गार्ड आणि पातं यांच्यामध्ये फट आहे का. माझ्यासारख्या फिटरला वाटलं होतं, हे तर आपलंच काम. पहिली सुरी झवेरी बाजारात एका पॉलिशवाल्याला दाखवली. त्याने डोळ्याला भिंग लावलं, गार्डकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, ही फट नाही. गल्ली आहे."

गार्ड बसवायची माझी आताची पद्धत अशी. पितळेच्या किंवा स्टीलच्या तुकड्याला टँगपेक्षा थोडी लहान खाच पाडायची. टँगला प्रशियन ब्लू लावायचा, टूलरूममध्ये आपण सरफेस बसवताना लावतो तोच. गार्ड वर सरकवायचा, जिथे अडेल तिथे काढायचा, आणि खाचेत जिथे निळा लागलाय फक्त तेवढंच बारीक कानशीने काढायचं. पुन्हा. तीस-चाळीस वेळा होतं हे. शेवटचे दोन मिलिमीटर पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवायचे. घाई झाली आणि एकदा खाच मोठी झाली की ती लहान होत नाही, गार्ड भंगारात टाका. सोल्डरने फट बुजवली तर परीक्षकाला ती दिसतेच. तपासायला मोबाइलचा टॉर्च गार्डच्या मागे धरा. उजेडाची केसाएवढी रेषा दिसली तर पुन्हा.

ओरखड्यांसाठी उपाय नाही, वेळ आहे. पॉलिश पेपर २२०, ३२०, ४००, ६००, सपाट लाकडी पट्टीवर गुंडाळून. प्रत्येक नंबरला दिशा बदला म्हणजे आधीच्या रेषा उरल्या का ते दिसतं. ६०० ला पात्याच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला ओढत, पेपर परत न आणता. एका पात्याला माझे दोन रविवार जातात. डोळा सरावतो आणि चुका दिसेनाशा होतात, म्हणून मी फोटो काढून मोबाइलवर उलटा करून बघतो. एक मूठ डावीकडे झुकली होती, महिनाभर हातात असून दिसली नव्हती, उलट्या फोटोत पाच सेकंदांत दिसली.

डोळ्याला सवय लावायला काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात जा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. लोक अकबराचं चिलखत आणि ढाल बघून पुढे जातात. तुम्ही कट्यारींसमोर थांबा. मधली शीर पात्याच्या बरोबर मधून टोकापर्यंत कशी जाते ते बघा, आणि मग तुमची सुरी आठवा. तसंही आपल्याकडचं पोलाद मुंबईहूनच लंडनला गेलं होतं. हेलेनस स्कॉट नावाच्या इथल्या डॉक्टरने वूट्झचे नमुने पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. दक्षिणेत मुशीत बनलेलं ते पोलाद तिकडे मुंबईचं म्हणून ओळखलं गेलं.

मुठीच्या लाकडाचं सांगून संपवतो, कारण यात मी सध्या अडकलोय. सांबरशिंग नको, वन्यजीव कायद्याखाली बंदी आहे. शिसव देखणा, पण तो देशाबाहेर न्यायला कागदपत्रांची भानगड आहे. मी बाभूळ घेतली. कुऱ्हाडीचे दांडे तिचेच असतात, आणि नीट घासली तर तिचा तांबूस रंग खुलतो. अडचण हवेची आहे. जुलैत दारूखान्यात बसवलेली मूठ दमट हवा पिऊन फुगलेली असते. परीक्षेच्या एसी हॉलमध्ये ती आकसणार, आणि टँगची कड बोटाला लागणार. पहिल्या सुरीचं डिसेंबरमध्ये तेच झालं. नखाला लागेल एवढी कड बाहेर आली. परीक्षकाच्या अंगठ्याला ती आधी सापडली असती. आता मी लाकूड वर्षभर घरात माळ्यावर वाळवतो, मूठ पावसाळा संपल्यावर बसवतो, आणि तयार सुरी दोन आठवडे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. बाहेर काढून बोट फिरवायचं. कड लागली तर घासायची आणि पुन्हा डब्यात. (पावसाळ्यात पात्याला मेण लावल्याशिवाय रात्रभर ठेवू नका, सकाळी तांबडं असतं. डब्याचा हा दुसरा फायदा.)

सध्या डब्यात तिसरी सुरी आहे. डबा फ्रीजच्या वर असतो, आणि मुलीने त्यावर मार्करने लिहून ठेवलंय: "बाबांचं लोणचं. मुरतंय. उघडू नये."